नांदुऱ्याच्या मैदानात आमची अँबेसिडर

मागच्या उन्हाळ्यात आमचे हे ओट्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला नेऊन आत सळई बसवली. हाड जुळलं, पण माणूस उठेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज चाला, नाहीतर कायमचे खाटेवर जाल. ह्यांनी खाटेवरच जायचं ठरवलं. वॉकर धरून न्हाणीपर्यंत जायचे आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून निजायचे. मी रागावले. सुनेनं गोडीनं सांगितलं. मुलानं पुण्याहून फोनवर दम दिला. कशाचाच उपयोग झाला नाही. "मले आता जायचं कुठी हाय?" एवढंच ते म्हणायचे.

मी रडणारी बाई नाही. पण निजून राहिलेला माणूस कसा संपतो ते मी सासऱ्यांच्या वेळी पाहिलं आहे. आधी पाय जातात, मग भूक जाते, मग बोलणं. ह्यांची भूक जायला लागली होती.

सून संग्रामपूरला दवाखान्यात नर्स आहे. एका संध्याकाळी ती मोबाइल समोर धरूनच घरात शिरली.

"मामाजी, हे पाहा. जुन्या मोटारी येऊन राह्यल्या नांदुऱ्याले."

मोठमोठ्या शहरांतले हौशी लोक आपापल्या जुन्या गाड्या घेऊन फिरतीवर निघाले होते. एक दिवस ते नांदुऱ्याजवळ हायवेवरच्या एका लग्नाच्या मैदानात थांबणार होते. आसपासच्या कोणाकडे जुनी गाडी असेल तर त्यानंही आणावी, असं खाली लिहिलं होतं. सुनेनं एकेक फोटो दाखवला. ह्यांनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं.

"आपली नेऊ," ते म्हणाले.

"आपली?" मी म्हटलं.

"काऊन? जुनी नाई काय?"

जुनी होती, त्यात वाद नाही. आमची अँबेसिडर ह्यांनी घेतली तेव्हाच ती कोणाचीतरी वापरून झालेली होती. तिच्यावर त्यांनी भाडी मारली. अख्ख्या गावाच्या वराती, बाळंतिणी आणि पाहुणे वाहिले. एकदा रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, तेव्हा डावं दार गेलं. त्या जागी दुसऱ्या गाडीचं दार बसवलं, ते आधी हिरवं होतं. मागचा एक दिवा ट्रॅक्टरचा आहे. रंग दिला तो दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं, ब्रशनं. जवळून पाहिलं तर ब्रशचे फराटे दिसतात, आणि हिरवा रंग पांढऱ्याखालून अजून डोकावतो. सीटवर माझ्या जुन्या लुगड्यांची वाकळ आहे. आमच्या गावात ही गाडी वाईट दिसत नाही. आमच्या गावात दुसरी गाडी कुठे आहे तिच्या शेजारी उभी राहायला?

पण मी फोटो पाहिले होते. मनात म्हटलं, त्या गाड्यांपुढे कोणी हिला हसलं, तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करील आणि या वेळी वळणार नाही. न्यायलाही भीती, न न्यायलाही भीती. शेवटी ठरवलं, जायचंच तर निदान धुऊनपुसून जायचं.

आमचा भाग खारपाणपट्टा. पिण्याचं पाणी नळाला आलं तर येतं. बाकी सगळं बोअरचं, आणि ते मिठासारखं खारट. त्याच पाण्यानं मी आणि सुनेनं गाडी घासली. ओली होती तोवर नवरीसारखी दिसली. ऊन लागलं आणि सगळ्या अंगावर पांढरे चट्टे उठले, जसा वाळलेला घाम शर्टावर उठतो. पुसले की जायचे, पुन्हा उठायचे. निघायला थोडाच वेळ राहिला होता. हे ओसरीत खुर्चीवर बसून पाहत होते.

तेव्हा मला जवसाच्या तेलाची आठवण झाली. तिफण असो, वखर असो, दाराची चौकट असो, जवसाचं तेल चोळलं की जुनं लाकूड उजळतं. लाकडाला चालतं ते पत्र्याला का चालणार नाही? मी जुनं धोतर फाडलं आणि टपापासून चाकाच्या झाकणांपर्यंत सगळी गाडी तेलानं चोळून काढली. चट्टे गेले. गाडी अशी चमकली की हे म्हणाले, "अरे बापा! मी घेतली तवाबी अशी नोती." मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. माझं मलाच कौतुक वाटलं.

गाडी सुनेनं चालवली. स्टिअरिंगच्या बाजूचा तो गियर तिला ह्यांनीच शिकवला होता. आमच्या मुलाला तो कधी जमला नाही. हे पुढे बसले, मी मागे वॉकर आणि प्लास्टिकची खुर्ची धरून.

कापसाचे दिवस होते. पूर्णा नदीच्या अलीकडे आमच्या पुढे कापसानं भरलेले टेम्पो लागले, एकामागे एक, वर जाळी बांधलेली आणि जाळीतून कापूस उडत असलेला. रस्त्याचं काम चालू होतं म्हणून धूळही होती. काचेवर चिकटलेला कापूस सुनेनं वायपरनं काढायला पाहिला तर तो नुसता पसरला. मला तेव्हाच समजायला हवं होतं. मी मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते, नांदुऱ्याला उतरेपर्यंत.

उतरले आणि पाहिलं. जवसाचं तेल वाळताना चिकट होतं, हे लाकडावर कधी ध्यानात येत नाही. गाडीला धुळीचा लेप बसला होता आणि लेपावर कापूस. टपावर, बॉनेटवर, दिव्यांच्या भुवयांवर, सगळीकडे. मेंढी दिसत होती मेंढी.

आणि त्याच क्षणी मी मान वर करून समोर पाहिलं.

खरं सांगते, मी गाडीचं दार लावायचंही विसरले. मी देवळं पाहिली आहेत, मंत्र्यांच्या सभा पाहिल्या आहेत, शहरातल्या श्रीमंत नातेवाइकांची लग्नं पाहिली आहेत. कशापुढे असं झालं नव्हतं. हिरव्या मैदानावर समोरासमोर दोन रांगा, आणि त्यांत उभ्या असलेल्या त्या मोटारी. एक वांग्याच्या रंगाची, तिच्या रंगात इतकी खोली की वाटलं, हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल. एक काळी, लांब नाकाची, तिच्या बाजूनं चांदीची एकच रेघ पुढून मागे गेलेली, आणि ती रेघ ओढताना कोणाचा हात एकदाही हलला नसावा. एकीची चाकं तारांची, सायकलच्या चाकासारखी, पण प्रत्येक तार वेगळी चमकत होती. एकीचं टप कापडाचं होतं आणि त्या कापडावर एक सुरकुती नव्हती. माझ्या तोंडावर किती सुरकुत्या आहेत, आणि ही गाडी माझ्याहून म्हातारी असेल.

आत्तापर्यंत मला वाटायचं, जुनं म्हणजे झिजलेलं. वस्तू असो, माणूस असो. इथे जुनं होतं आणि झिजलेलं नव्हतं. हे मी पहिल्यांदा पाहत होते.

मैदानावरच्या एका पोरीनं हात दाखवून आमची गाडी रांगेच्या अगदी सुरुवातीला, मांडवाच्या खांबाशी उभी करायला लावली. शेजारी एक हस्तिदंती रंगाची गाडी होती. तिचा मालक तपकिरी कोट घातलेला, साठीचा, हातात मऊ कापड. तो आमच्या गाडीभोवती फिरला.

"आजी, ही तुमची का?"

"हाव. आमचीच."

"हे वरती काय आहे?"

"कापूस."

त्यानं एक बोट लावलं. बोट उचललं तर तार आली. "आणि कापसाखाली?"

"जवसाचं तेल."

त्यानं बोट मऊ कापडाला पुसलं. "पण का?"

"चमकावी म्हणून," मी म्हटलं.

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. पण त्याच्या मागे लोक जमले होते आणि मोबाइल निघाले होते. गॉगल लावलेली एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "थंडी वाजत असेल रे तिला. स्वेटर घातलंय बघ." सगळे हसले. विनोद चांगला होता. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर मीही हसले असते.

मला लाज वाटली. मी कधी कोणाला लाजले नाही. चौथीपर्यंत शाळा, अंगठा नाही, सही करते, कोणाच्या दारात गेले तर चपला आत्मविश्वासानं काढते. पण त्या मैदानात मला ब्रशचे फराटे दिसायला लागले. हिरवं दार दिसायला लागलं. ट्रॅक्टरचा दिवा दिसायला लागला. घरी या गोष्टी गाडीवर होत्या. इथे त्या माझ्या अंगावर आल्या. मी पदरानं बॉनेटचा कापूस ओढायला गेले तर पदरच चिकटला, आणि लोक पुन्हा हसले.

मी आत डोकावले. हे पुढच्या सीटवर तसेच बसले होते, सरळ समोर बघत, तोंड घट्ट मिटलेलं. ते तोंड मी ओळखते. खाटेवर असतं तेच.

"वळव वं गाडी," मी सुनेला म्हटलं. "पाह्यलं तेवढं पुरे."

"आत्याबाई, आत्ताच तर आलो ना."

"वळव म्हणते ना मी. हे काय तमाशा करून घ्यायले आले इथी?"

तेवढ्यात हे बोलले. "तो डांब हटव."

"कोणता डांब?"

"समोरचा. मांडवाचा. पुढलं काई दिसून नाई राह्यलं मले. ती काळी लांबडी हाय ना, तिचं निम्मं तोंडच दिसते."

"मांडवाचा डांब मी कसा हटवू? पडंल ना सगळं!"

"मंग मले उतरव," ते म्हणाले.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघींपैकी एकीनं काहीतरी बोलून ते बिघडवलं असतं. मी वॉकर काढला, पाय आधी बाहेर घ्यायला लावले, काखेत हात घातला. ते उभे राहिले. वॉकर पुढे टाकला. मग पाय.

पहिली गाडी हस्तिदंती. कोटवाल्यानं विचारलं, "बघायचंय आतलं?" आणि बॉनेट उघडलं. हे वाकले. मीही वाकले. माझ्या घरची पितळी भांडी दिवाळीला घासून मांडते तेव्हाही इतकी स्वच्छ नसतात. आत तेलाचा एक डाग नाही. हे इंजिनात हात घालणारे. जिथे नळी दिसली तिथे ती ओढून पाहणारे. इथे त्यांनी दोन्ही हात वॉकरवर ठेवले आणि नुसतं पाहिलं.

"चालते?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे," कोटवाला म्हणाला.

आम्हाला पटेना. आवाज नव्हता, काही थरथरत नव्हतं. तो मला मागच्या बाजूला घेऊन गेला आणि म्हणाला, "इथे हात धरा." मी धुराच्या नळीमागे तळहात धरला. वासरानं हातावर नाक ठेवावं तसा कोमट वारा लागत होता. मी हात तसाच ठेवून उभी राहिले. ती बाई, तिचा नवरा, मोबाइल, सगळं विसरले. इतकं मोठं लोखंड, इतकं जुनं, आणि जिवंत असल्याचा एवढाच पुरावा.

मी वळून पाहिलं तेव्हा हे पुढच्या गाडीपाशी गेले होते. मी खुर्ची घेऊन मागे धावणार होते. सुनेनं मला दंडाला धरून थांबवलं.

"जाऊ द्या, आत्याबाई."

"पडतीन ना."

"मी पाहून राह्यली. जाऊ द्या."

मग मी आमच्या गाडीपाशीच उभी राहिले. लोक येत होते, काय झालं विचारत होते, मी सांगत होते. पण माझं लक्ष ह्यांच्या पांढऱ्या टोपीकडे. वांग्याच्या रंगाच्या गाडीपुढे ती थांबली. बराच वेळ थांबली. काळीपुढे थांबली, वाकली, पुन्हा उभी झाली. मग तारांच्या चाकांकडे. प्रत्येक ठिकाणी मान हलत होती, म्हणजे तोंडानं 'बापा, बापा' चाललं असणार. आमच्या घरातली न्हाणी खाटेपासून जितकी लांब आहे, तितकं अंतर पहिल्याच दोन गाड्यांत संपलं होतं. हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आलं होतं.

ते रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. तिथे थांबले, आणि हात वर केला. पाय संपले होते, हे मला इथून दिसत होतं.

तिकडे जायला बाजूनं वाट नव्हती. एकीकडे दोर बांधला होता, दुसरीकडे जेवणाचे मंडप. वाट एकच, दोन्ही रांगांच्या मधून. मैदानावरची ती पोरगी म्हणाली, "गाडी न्या तुम्ही, पण जपून हं. बाजूच्या गाड्यांना लागायला नको."

"खुर्ची घेऊन जातो ना आपण," मी सुनेला म्हटलं. "गाडी कायले?"

"खुर्चीवर बसून इथपर्यंत कसे येतीन ते? बसा आत."

मी बसले. सुनेनं गाडी सुरू केली. आमची गाडी सुरू झाली की सगळ्या मैदानाला कळतं. लोक बाजूला झाले आणि आम्ही त्या दोन रांगांच्या मधून निघालो, कापूस उडवत. काही हसत होते, काही टाळ्या वाजवत होते. आधी मी मान खाली घालून बसले. मग हस्तिदंती गाडी खिडकीतून एक हात अंतरावरून गेली, मग वांगी, मग काळी, आणि मी मान वर केली. अशा गाड्या इतक्या जवळून मला पुन्हा कधी दिसणार? लाजायचं काय, घरी गेल्यावरही लाजता येतं. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एका गाडीच्या चांदीच्या दिव्यात आमची अख्खी गाडी वाकडी होऊन सरकताना दिसली, आणि तिच्या खिडकीत मी.

ह्यांच्यापाशी सुनेनं गाडी थांबवली. मी खुर्ची काढून दिली, पण ते बसले नाहीत. गाडीतही चढले नाहीत. गाडीकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता बोलतील तेलाचं. मी तयारीतच होते.

"माही गाडी," ते म्हणाले, "मी कधी येतानी पाह्यलीच नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे काय! मी तर नेहमी आत. समोरून येतानी कशी दिसते ते मले काय मालूम?" मग सुनेला म्हणाले, "सूनबाई, जाय पोरी. पुन्हा एक डाव तिकडून घेऊन ये. हळू."

"मामाजी, लोक पाहून राह्यले सारे."

"मंग? लोकाइले पाह्यालेच बोलावलं ना इथी?"

सून गेली, वळली आणि परत निघाली. या वेळी मी ह्यांच्या शेजारी जमिनीवर उभी होते. मीही ती गाडी अशी कधी पाहिली नव्हती. ऊन मागून येत होतं आणि टपावरचा कापूस पेटल्यासारखा दिसत होता. दोन्हीकडे त्या बिनचूक मोटारी, आणि मधून ही, खडखडत, धूर सोडत. ती सुंदर होती असं मी म्हणणार नाही. नव्हती. पण त्या मैदानात तेव्हा चालत होती ती एकच, आणि माझ्या अंगावर काटा आला.

हे मात्र डोळे बारीक करून पाहत होते.

"तिरपी चालते वं ही," ते म्हणाले.

खरंच चालत होती. तोंड आमच्याकडे, आणि ढुंगण त्या काळ्या गाडीकडे. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी ह्यांना हे कैकदा सांगितलं होतं. हे त्यांनाच वेडं ठरवायचे.

"मांगचं चाक हाय, का सांगाडाच वाकला?"

"मले काय विचारता? मी काय मिस्त्री हावो?"

"इथून नाई समजत. मांगून पाहा लागते." त्यांनी हात करून सुनेला सांगितलं, "आता इकडून तिकडं घे. हळू. मी मांगून येतो."

"पाय थकला ना तुमचा," मी म्हटलं. "बसा आधी खुर्चीवर."

"बसून मांगचं चाक कसं दिसंल?"

सुनेनं गाडी वळवली आणि पहिल्या गियरमध्ये घातली. हे तिच्या मागे निघाले, मान खाली, नजर चाकावर, वॉकर पुढे, पाय पुढे. दोन्हीकडचे लोक वाट देत होते. मी खुर्ची घेऊन त्यांच्या मागे, कधीही खाली सरकवायला तयार. अर्ध्या रांगेत त्यांची चाल मंदावली तशी मी जवळ गेले.

"सरक वं," ते मागे न पाहता म्हणाले. "तुही सावली पडून राह्यली चाकावर."